दोन खांबांमधील अंतर

बंद पडलेल्या गिरणीपासून रेल्वेच्या मालधक्क्यापर्यंत पूर्वी रुळांचा एक फाटा होता. त्यावरून कापसाच्या गाठी आत येत आणि कापड बाहेर जाई. गिरणी थांबली, पुढे रूळही उखडून नेले, आणि खडीचा एक लांब पट्टा तेवढा मागे उरला. दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ माजली. लोक तिथे कचरा टाकीत. तरीही त्या खडीवरून एक पायवाट टिकून राहिली होती. आगगाडीला चढ मानवत नाही, म्हणून जिथून रूळ जातात ती जमीन सपाट असते. चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला हे कोणी सांगावे लागत नाही. त्याच्या गुडघ्यांना ते कळते.

मी बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात नोकरी संपवली. रस्ते काढले, मोऱ्या काढल्या, पुलांचे पोचमार्ग काढले. चालणाऱ्या माणसासाठी म्हणून एकही रेघ मी कधी ओढली नव्हती. तशी कामे खात्याकडे येत नसत. निवृत्तीनंतर आमच्या वसाहतीतील काही मंडळींनी या पट्ट्यावर चालण्याची आणि सायकलची वाट करायचे ठरवले, एक समिती केली, जागा वापरायची परवानगी मिळवली आणि नकाशाचे काम माझ्याकडे आले. मी नाही म्हणालो नाही. घरात बसून तरी काय करणार होतो.

समितीचे अध्यक्ष एक निवृत्त डॉक्टर होते. त्यांना झाडे हवी होती. चिटणीस एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना आम्ही सगळे बाई म्हणत असू. त्यांना शिस्त हवी होती. मला काय हवे होते, ते कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. ते येथे सांगतो.

माझा एक शाळासोबती आहे. गिरणीमागच्या वस्तीत त्याचे घर आहे आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन माग. टॉवेल विणतो. घरात तेलुगू बोलतात. विणलेल्या मालाचा गठ्ठा सायकलच्या कॅरिअरवर आडवा टाकायचा, जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळायचा आणि मालधक्क्याजवळच्या व्यापाऱ्याच्या गोदामात पोचवायचा, हे त्याने तरुणपणापासून केले. या कामाला दोन रस्ते होते. एक हा खडीचा पट्टा; पण खडीत सायकल रुतते, म्हणून उतरून ढकलावी लागे. दुसरा मोठा रस्ता, पुलावरून. त्या पुलाला चढ आहे आणि त्यावरून हैदराबादकडचे ट्रक जातात. वय वाढले तसे खडीतून ढकलणे त्याला जमेना. तो पुलावरून जाऊ लागला. मी एकदा रिक्षातून जाताना त्याला पाहिले. चढावर तो सायकलवरून उतरला होता, गठ्ठ्याला खांदा लावून ढकलत होता, आणि मागचा ट्रक हॉर्न वाजवीत होता. त्याने मान वळवली नाही. वळवली असती तर तोल गेला असता.

तेव्हापासून माझ्या मनात ही वाट त्याची होती. पूल लागण्याआधीच त्याला या वाटेवर वळवायचे, एवढेच मला हवे होते.

आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सिमेंटचे ठोकळे बसवले तर वर्षभरात दात पडलेल्या जबड्यासारखे दिसू लागतात. अध्यक्षांना ठोकळे हवे होते, कारण ते लाल-पिवळ्या रंगात मिळतात. मी सांगितले की जुनी खडी पसरून दाबा आणि वर मुरूम टाकून रोलर फिरवा. मुरुमावर पाय शेकत नाहीत आणि चाक रुतत नाही. यावर बराच वाद झाला. शेवटी मुरूम झाला. झाडांसाठी मी कडुनिंब, करंज आणि चिंच सुचवली. अध्यक्षांनी बाहेरून फुलझाडे मागवली होती. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल हे जिथे गृहिणीला ठाऊक नसते, तिथे फुलझाडाला कोण घालणार? ती उन्हाळ्यात गेली. करंज राहिले.

खरा वाद तोंडाशी झाला. वाटेच्या दोन्ही टोकांना लोखंडी खांब रोवायचे होते, मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून. दोन खांबांत अंतर किती ठेवायचे हा प्रश्न होता. अंतर कमी ठेवले तर माणूस जातो, सायकल जाते, मोटारसायकल अडते. पण सायकलवर आडवा गठ्ठा असेल तर तीही अडते.

मी सोबत्याला गठ्ठ्यासह बोलावले. तो आला. खांबांच्या जागी मी चुन्याच्या फक्कीने दोन खुणा केल्या होत्या. त्याने सायकल त्यांच्यामध्ये उभी केली आणि मी टेप धरला.

"काय बे, माझं माप घेऊलास का गठ्ठ्याचं?" तो म्हणाला.

"गठ्ठ्याचं."

"मग बरं हाय. माझं घेतलास तर तिरडी बांधायला घेतलास वाटंल."

"सरळ उभा राहा. कललास."

"गठ्ठा कललाय. मी सरळच हाय. शाळेत बी तू असाच की, पट्टी घिऊन मागं लागायचास."

मी गठ्ठ्याची रुंदी मोजली आणि दोन्ही बाजूंना हाताचा पंजा जाईल इतकी जागा धरली. तेवढ्या अंतरातून मोटारसायकल सहज जाते, हे मला दिसत होते. समितीलाही दिसले.

"मग खांब कशाला हवेत?" अध्यक्ष म्हणाले. "शोभेला?"

"सायकलवाल्यांसाठी वाट आहे," मी म्हणालो. "या भागातले सायकलवाले गठ्ठे नेतात. व्यायामाला सायकल चालवणारे दोघेतिघे आहेत. त्यांना कोणतेही अंतर चालेल."

"एका माणसासाठी आपण..."

"एक नाही. आणि एक असला तरी."

बाईंनी तोड काढली. खांबांतील अंतर मी म्हणतो तेवढे ठेवावे आणि शेजारी ठळक फलक लावावा. आपल्याकडची माणसे वाचतात, त्या म्हणाल्या. त्यांच्या शाळेतून पिढ्या बाहेर पडल्या होत्या, तेव्हा त्यांना तसे वाटणे साहजिक होते. फलकाचा खर्च एका बांधकाम व्यावसायिकाने उचलला. त्यामुळे फलकाच्या वरच्या अर्ध्या भागात त्याचे नाव आणि त्याच्या वडिलांचे नाव आले. उरलेल्या जागेत मजकूर.

मजकुराच्या मसुद्यात 'मोटारसायकल नेऊ नये' असे होते. बाईंनी पेन्सिलीने खाडाखोड केली.

"मोटारसायकल हा मराठी शब्द नव्हे. दुचाकी लिहा. वर्तमानपत्रेसुद्धा आता दुचाकी लिहितात."

कोणाचीच हरकत नव्हती. वर्तमानपत्रांत रोज दुचाकी चोरीला जाते, दुचाकी घसरते, दुचाकीस्वार जखमी होतो. ती पेट्रोलवर चालते, हे सांगावे लागत नाही. फलक रंगून आला: 'दुचाकींना सक्त मनाई. हुकुमावरून.' अक्षर सुबक होते. ऱ्हस्वदीर्घ बरोबर होते.

वाट सुरू झाली. फीत कापली, पेढे वाटले. सकाळी माणसे फिरू लागली. गुडघे दुखणाऱ्या बायका चप्पल हातात घेऊन मुरुमावर चालत. माझी पत्नीही जाऊ लागली. "मऊ आहे," एवढेच ती म्हणाली. तिच्याकडून ही मोठी पावती होती. विडी वळणाऱ्या बायका सुपे घेऊन कारखान्याकडे त्याच वाटेने जात. पहिल्या आठवड्यातच मोटारसायकली आत आल्या. पोरे फलकाला पाय लावून गाडी उभी करीत आणि बोलत बसत.

सोबती मात्र दिसला नाही.

माझी फिरायची वेळ आणि त्याची माल नेण्याची वेळ वेगळी असेल, असे मी धरले. शिवाय त्या दिवसांत माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. उन्हात जायचे नाही, असे सांगितले होते. उन्हाळा असाच गेला.

पाऊस सुरू होण्याच्या सुमारास एका दुपारी त्याच्या मुलाचा फोन आला. पुलावर ट्रकच्या मागच्या बाजूचा सुटलेला दोर गठ्ठ्यात अडकला आणि सायकल ओढली गेली. तो सायकल आणि गठ्ठ्यासह खाली पडला. डॉक्टरांनी उजव्या मनगटाला प्लास्टर घातले होते.

मी गेलो. तो शेडच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. आत मुलगा माग चालवत होता. त्या आवाजात बोलायचे म्हणजे ओरडावे लागते. मुलाने माग थांबवला आणि चहा सांगायला घरात गेला. अचानक झालेली ती शांतता मला बरी वाटली नाही.

"पुलावर काय करत होतास?" मी विचारले.

"माल नेऊलालो. आणि काय, हवा खायला गेलो का?"

"वाट आहे ना खाली. तुझ्या गठ्ठ्याचं माप घेऊन खांब रोवलेत."

त्याने प्लास्टरचा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "तितं बंदी हाय की."

"कशाला बंदी?"

"सायकलला."

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पायजे? लिवलंय. दुचाकींना सक्त मनाई. हुकुमावरून. मी पयल्या दिवशी गठ्ठा घिऊन गेलो, वाचलो आणि माघारी वळलो. म्हटलं, आपल्या दोस्तानं माप तर घेतलं, पण वरनं हुकूम आला असंल. तुला इचारून तुला कशाला मान खाली घालायला लावायचं."

"अरे, दुचाकी म्हणजे मोटारसायकल."

"दुचाकी म्हणजे सायकल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात शंका नव्हती. "तूच सांग. मास्तरांनी काय शिकवलं?"

मला ते आठवत होते. आमच्या शाळेतील मराठीचे मास्तर इंग्रजी शब्द खपवून घेत नसत. स्टेशनाला अग्निरथ-विश्रामस्थान म्हणायला लावत नसत, इतकेच. हा तेलुगू घरातून आलेला. त्याच्या मराठीला वर्गात हसत. पुल्लिंग-स्त्रीलिंग चुकायचे. एकदा निबंधात त्याने 'माझा सायकल' असे लिहिले. मास्तरांनी त्याला उभे केले आणि म्हणाले, सायकल नव्हे, दुचाकी. माझा नव्हे, माझी. त्यांनी ते वहीभर लिहून आणायला सांगितले. त्याने आणले. पुढे त्याला मराठीत चांगले गुण पडू लागले, आणि हसणाऱ्यांपैकी काहींना त्याच्याएवढे कधी पडले नाहीत. तेव्हापासून मराठीत लिहिलेल्या कोणत्याही शब्दाकडे तो कायद्यासारखा पाहतो. औषधाच्या बाटलीवरचे वाचतो, एसटीच्या तिकिटामागचेही वाचतो. 'येथे थुंकू नये' असे लिहिले असेल तिथे तो खोकतसुद्धा नाही.

"आता शब्द बदललाय," मी म्हणालो. "आता लोक मोटारसायकललाच दुचाकी म्हणतात."

"लोकं म्हणतेत. तिला काय तीन चाकं हायत? माझ्या सायकलला किती हायत? मोज की, टेप हाय तुझ्याकडं."

"मोटारसायकलवाले रोज आत येतात. त्यांना कोणी अडवत नाही."

"त्यांना वाचता येत न्हाय," तो म्हणाला. "मला येतंय."

चहा आला. त्याने डाव्या हाताने बशी धरली. सांडला. मी दुसरीकडे पाहिले.

निघताना मुलगा माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आला. माल आता टेम्पोने पाठवू, म्हणाला. अप्पांना सायकल द्यायची नाही. वय झालंय. तुम्हीपण सांगा, काका. मी मान हलवली. त्याला ती होकारार्थी वाटली असावी.

पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडला. अध्यक्ष आधी हसले आणि मग थांबले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बरोबर वाचलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा मुलांना तेच शिकवलंय. दुचाकी म्हणजे सायकल. मला कसं सुचलं नाही?"

"कोणालाच सुचलं नाही," अध्यक्ष म्हणाले. "फलक बदलू. पण देणगीदारांना विचारायला हवं. ते गावाला गेलेत. आल्यावर पुन्हा छोटासा कार्यक्रम ठेवू."

मला कार्यक्रम नको होता. खात्यात असताना मी नकाशांवर हाताने अक्षरे लिहिली आहेत, संगणक येण्याआधी. पुलाचे नाव, नदीचे नाव, उत्तर दिशेचा बाण. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांढरा आणि काळा ऑइलपेंट, दोन ब्रश आणि स्टूल घेऊन गेलो. बाई तिथे आधीच उभ्या होत्या. कोणी सांगितले, ते मी विचारले नाही.

'दुचाकींना' हा शब्द मी पांढऱ्याने पुसला. रंग वाळेपर्यंत आम्ही कडेच्या बाभळीखाली उभे राहिलो. मग अडचण लक्षात आली. गेलेला शब्द लहान होता, येणारा लांब. वर दोन नावे होती. त्यांना हात लावता येत नव्हता. मी पेन्सिलीने खुणा करून अक्षरे अरुंद केली.

"'मोटारसायकलींना'," बाई खालून म्हणाल्या. "ली दीर्घ."

"ठाऊक आहे."

"आणि वर अनुस्वार."

"बाई, तुम्ही स्टूल धरा."

त्यांनी स्टूल धरले. खालची ओळ रिकामी होती. तिथे मी लिहिले: 'सायकलींना वाट खुली.' बाईंनी सायकल या शब्दावर काही म्हटले नाही.

मग मी सोबत्याला कळवले. प्लास्टर निघाल्यावर एका सकाळी तो आला. सायकल बरोबर होती, पण तिच्यावर बसलेला नव्हता. डाव्या हाताने तिला धरून चालत आला. कॅरिअर मोकळा होता. ट्यूबची पट्टी त्याला नुसतीच गुंडाळून ठेवली होती. तो फलकासमोर थांबला. पहिल्या ओळीपासून वाचले, देणगीदाराच्या वडिलांसकट.

"अक्षरं दाटीनं बसवलास," तो म्हणाला.

"जागा नव्हती."

"'हुकुमावरून' तसंच ठिवलास."

"ते पुसलं तर तू मानणार नाहीस."

"ते बी खरं हाय."

तो खांबांतून आत आला. गठ्ठा नसल्यामुळे दोन्ही बाजूंना इतकी जागा उरली की आम्ही दोघे शेजारी शेजारी आत जाऊ शकलो. मुरुमावर चाकाचा बारीक आवाज येत होता. थोडे चाललो असू, तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. एक मोटारसायकल आली, तिच्यावर तिघे. आम्ही कडेला झालो. ती गेली.

"त्यांना वाचता येतं का?" त्याने विचारले.

"येतं."

"मग?"

मी सायकलचे हँडल धरून ती पुन्हा वाटेवर घेतली.

मालधक्क्याकडच्या टोकाला बाक आहे. तिथे तो बसला. मनगट चोळत होता. मूठ पूर्ण मिटत नव्हती. उजव्या हाताचा ब्रेक अजून दाबता येत नाही, म्हणाला. डॉक्टर म्हणतात, होईल. मुलगा म्हणतो, कशाला. टेम्पो येतो, माल घेऊन जातो, दारात. आता काम काही राहिलेले नाही.

"बरं झालं," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "लई बरं झालं." आणि गोदामाकडे पाहत बसला.

त्यानंतरच्या बैठकीत अध्यक्षांनी मोटारसायकलींचा विषय काढला. तक्रारी वाढल्या होत्या. फिरायला येणाऱ्या एका वृद्धेच्या पायाला धक्का लागला होता. फलकाचा उपयोग नाही, हे आता सर्वांना मान्य होते. दोन खांबांच्या मध्ये तिसरा खांब रोवावा, असे ठरत होते. तिसरा खांब बसला की मोटारसायकल अडेल. नुसती सायकल जाईल.

"तुमच्या मित्राचा माल तर आता टेम्पोनं जातो," अध्यक्ष माझ्याकडे पाहून म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. "आता हरकत नसावी."

मी आदल्या दिवशीच सोबत्याला विचारले होते. तो म्हणाला होता, "घाला की. माझा गठ्ठा आता कुटं हाय?" हे बोलताना त्याच्या डाव्या हातात रबरी चेंडू होता. उजव्या हातातून तो काढून त्याने डाव्यात घेतला होता, मला आलेला पाहून. डॉक्टरांनी मूठ मिटण्यासाठी दिलेला असतो, तसला चेंडू. आणि सायकल शेडच्या भिंतीला टेकवलेली होती. चाकांत हवा होती. साखळीला नवे तेल होते.

हे मी बैठकीत सांगितले नाही. सगळे माझ्या उत्तराची वाट पाहत होते. मी म्हणालो, काळ्या मातीत पावसाळ्यात खड्डा घेऊ नये. माती फुगलेली असते. आता खांब रोवला तर उन्हाळ्यात तो हलेल. पाऊस संपू द्या, जमीन बसू द्या, मग पाहू.

अध्यक्षांनी तशी नोंद करायला सांगितली. बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून एकदा पाहिले आणि लिहून घेतले.

मी सांगितलेले खोटे नव्हते. काळ्या मातीचे तसेच असते.